गुरुवारचे वडील

वैजनाथअप्पा खोटं बोलायला लागले की आमच्या जोगदंड सरांचा चेहरा खुलायचा. कुणाच्या खोट्याचं इतकं कौतुक झालेलं मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही. अप्पा बोलायचेही तसंच. डोळ्यांत डोळे घालून, घसासुद्धा न खाकरता. वर समोरच्यालाच काळजीनं विचारायचे, "जेवलीस का गं माय?" आता यावर कोण काय बोलणार!

आमचं हॉस्पिटल बीडच्या थोडं बाहेर, एका ट्रस्टचं. मी तिथं मेडिसिनची रेसिडेंट होते, पुढं तिथंच नोकरीला लागले. सरांनी एक जुनी स्टोअररूम मागून घेतली होती. तिच्यात एक पलंग, पलंगावर माणसाएवढी रबरी बाहुली, सलाइनचा स्टँड आणि टेबलावर शाळेत असते तसली घंटी. दर गुरुवारी दुपारी तिथं डायबेटिसचं सिम्युलेशन चालायचं. सिम्युलेशन हे कागदावर. सिस्टर लोकांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्याला 'नाटक'च म्हणायचे.

नाटकाची गोष्ट ठरलेली. बाहुली म्हणजे बावीस वर्षांची नवी नवरी. दोन दिवसांपासून उलट्या, पोटदुखी, धाप. सोबत सासू आणि माहेराहून आलेले वडील. मुलीला लहानपणापासून टाइप वन डायबेटिस आहे. म्हणजे तिच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, रोज टोचून घ्यावं लागतं, जन्मभर. ते थांबलं की दोन-तीन दिवसांत रक्त आंबायला लागतं आणि माणूस हातचा जातो. पण लग्न जमवताना हे लपवलेलं. सासूला माहीत नाही, वडील सांगणार नाहीत. दवाखाना खेड्यातला, शुगर तपासायच्या पट्ट्या संपलेल्या, रक्ताचा रिपोर्ट यायला तास. रेसिडेंटनं दहा मिनिटांत वडिलांच्या तोंडून खरं काढायचं. नाही काढलं तर सर घंटी वाजवायचे आणि एवढंच म्हणायचे, "गेली."

सासूचं काम आशा सिस्टर करायच्या, आणि वडिलांचं सुरुवातीला सर स्वतः. कप्पाळ! सर इतके सरळ की "मुलीला आधी काही आजार?" असं विचारलं की त्यांचे कान लाल व्हायचे. आम्ही दोन मिनिटांत पकडायचो आणि स्वतःवर खूश होऊन चहाला जायचो.

अशाच एका गुरुवारी दाराशी एक म्हातारे गृहस्थ उभे दिसले. धोतर, पांढरा शर्ट, कपाळावर भस्माचे पट्टे. घाटनांदूरला त्यांचं कापडाचं दुकान होतं. धाकट्या भावाच्या मुलीला, पूजाला, ओपीडीत दाखवायला आले होते. ती तेव्हा शाळेत होती, नुकतंच तिला इन्शुलिन सुरू झालेलं. नंबरला वेळ होता, आवाज ऐकून इकडं वळले असतील. थोडा वेळ त्यांनी बघितलं आणि सरळ आत येऊन म्हणाले, "सायेब, तुमी लई वाईट खोटं बोलता. बाप असा न्हाई बोलत."

सरांना राग कधी येत नसे. ते म्हणाले, "मग कसा बोलतो? दाखवा."

अप्पांनी कपाळावरचं भस्म रुमालानं पुसलं आणि पलंगाच्या उशाशी जाऊन उभे राहिले. माझ्या बॅचचा शिंदे पुढं होता. त्यानं ऐटीत विचारलं, "मुलीला आधीपासून काही आजार?"

"आजार? आवो, बारावीपर्यंत शाळा केली पोरीनं, एक दिवस घरी ऱ्हाईली न्हाई. परवा पाव्हणे आलते, तवा जरा बाहेरचं खाणं झालं. आमच्या विहीणबाई लई जपतात तिला. त्यांनाच इचारा की." आणि अप्पांनी आशा सिस्टरकडं वळून असे काही हात जोडले की सिस्टरनीही नकळत पदर सावरला. वडील बदलले म्हणजे गोष्टही बदलली, असं समजून शिंदे सासूकडं वळला. परवा कोण पाहुणे आले, भजी होती की वडे, यात त्यानं उरलेली मिनिटं घालवली. घंटी वाजली तेव्हा तो तेल कुठलं होतं ते विचारत होता.

तेव्हापासून अप्पा दर गुरुवारी यायला लागले. गुरुवारी दुकान बंद असायचं. घाटनांदूरहून अंबाजोगाई, तिथून बीड, एस.टी.त सगळी सकाळ जायची. बरोबर फडक्यात बांधलेले धपाटे. आले की आधी आमच्या ॲप्रनची बाही चिमटीत धरून बघायचे. "हे कॉटन म्हणून दिलं व्हय तुमाला? फसवलं गं माय." मग भस्म पुसायचे आणि आत जायचे. रेसिडेंट लोकांत त्यांचं नाव पडलं 'गुरुवारचे वडील'.

दुसऱ्याच आठवड्यात माझी पाळी आली. मी हुशार, बरं का! शिंदेची फजिती पाहिलेली. मी ठरवलं, सासूला बाहेर काढायचं. काढलं. मग अप्पांना विचारलं. त्यांनी डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाले, "लेकीला मूल ऱ्हावं म्हणून विहीणबाईनं कुठून तरी आणलेलं औषध दिलंय. सांगू नका कुणाला." झालं! मला वाटलं, या वेळी गोष्ट वेगळी आहे आणि ती मी पकडली. मी त्या औषधाच्या मागं धावले आणि घंटी वाजली. सर म्हणाले, "गेली."

इतकी चिडले होते मी, की बाहेर बाकावर अप्पा धपाट्यांचं फडकं सोडून बसले होते तिथं जाऊन भांडायलाच उभी राहिले. म्हटलं, दोन खोटी ठेवायची हे कुठं ठरलं होतं?

"एक पकडलं की माणूस हुडकायचं थांबतो," अप्पा म्हणाले. "तू माझ्या खिशाकडं बघितलं बी न्हाईस."

शर्टाच्या खिशात इन्शुलिनची बाटली होती. खरी, न उघडलेली, पिवळ्या पडलेल्या लेबलची. नुसतं वाकून पाहिलं असतं तरी दिसली असती.

"ही कुठून आणली?"

"आणली न्हाई. माझ्याकडंच हाय." धपाट्याचा तुकडा मोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि सांगायला लागले. त्यांची एकुलती एक मुलगी, राजश्री. आजार लपवून लग्न लावलेलं. "पाच आठवडे झालते लग्नाला. संडासात जाऊन सुई टोचून घ्यायची. बाटली संपत आली म्हणून चोरून फोन केला तिनं. मी म्हणलं, आज लगेच आलो तर सासूला वाटंल, कावून आला ह्यो? परवा येतो, साडी घिऊन. परवा गेलो, तर पोरगी दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरानं मला इचारलं, आधीचा काय आजार? सासू बाजूला, नवरा बाजूला. माय, बाटली या खिशात व्हती. आन् मी म्हणलं, काय न्हाई."

माझी जीभ तेव्हा आजच्यापेक्षा लांब होती. मी म्हटलं, "अप्पा, असं करून तुम्ही घरी जाऊन जेवलात कसे?"

"ते मी बी इचारतो. पण सकाळी दुकान उघडावं लागतं," ते म्हणाले. रागावले नाहीत. मलाच लाज वाटून मी हातातला तुकडा खाऊन टाकला.

त्या डॉक्टरबद्दल मात्र ते कधी वाकडं बोलले नाहीत. "तेनं इचारलं व्हतं की. एकदाच इचारलं. मला बाहेर घिऊन दुसऱ्यांदा इचारलं असतं, तर मी सांगितलं असतं. तुमी पोरांनी दुसऱ्यांदा इचारायचं, तिसऱ्यांदा इचारायचं. बापाला लाज वाटती, ती तुमी घालवायची." यासाठी हा माणूस दर गुरुवारची सकाळ एस.टी.त काढत होता. भावाची पूजा पुढं कधी तरी सासरी जाणार, तिथल्या दवाखान्यात आमच्यातलाच कुणीतरी असणार, त्यानं दुसऱ्यांदा विचारावं. एवढंच त्यांना हवं होतं.

आता नाटकातलं असलं गुपित हॉस्पिटलात किती दिवस लपणार? जुन्या बॅचनं नव्या बॅचला सांगून टाकलं. एकदा लातूरकडचा एक नवा रेसिडेंट आत आला, बाहुलीकडं बघितलंही नाही, थेट म्हणाला, "काका, मुलीला शुगर आहे, इन्शुलिन बंद केलंय. हो ना?" अर्धं मिनिट झालं असेल. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

अप्पांचा असा राग मी त्या आधी पाहिला नव्हता. "ह्येला पकडणं म्हणतात व्हय बे? पाठ करून आलाय तू! माझ्या पोरीच्या वक्ताला तुला कोण सांगणार व्हतं कानात?" सर मध्ये पडले म्हणून निभावलं. तो पोरगा बिचारा पांढराफटक.

मग अप्पांनी खोटी बदलायला सुरुवात केली. कधी वडील कबूल करायचे की शुगर आहे, पण इन्शुलिन रोज घेते म्हणून शपथ घ्यायचे, आणि ते बंद असायचं. कधी एका बाबाचा काढा चालू असायचा. कधी मुलीला खरंच काही नसायचं, उलट्या साध्याच असायच्या, आणि वडील इतके घाबरलेले असायचे की रेसिडेंट उगाच इन्शुलिन देऊन मोकळा व्हायचा. त्या दिवशीही घंटी वाजायचीच. दहांपैकी एखादाच रेसिडेंट सुटायचा. सुटला की अप्पा त्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि नाव विचारून घ्यायचे. "पूजाला सांगून ठेवतो," म्हणायचे.

आणि एकदा खऱ्यातच झालं. कॅज्युअल्टीत एक नवी नवरी आली. हुबेहूब तीच तऱ्हा. गित्ते नावाचा आमचा ज्युनिअर ड्युटीवर होता. त्यानं सासूला फॉर्म भरायला पाठवलं, वडिलांना जिन्याखाली नेलं, एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारल्यावर तो माणूस जिन्यावर बसून रडायला लागला. मुलगी वाचली. आम्ही काय नाचलो! मी स्वतः अप्पांना फोन केला. पुढच्या गुरुवारी ते पेढे घेऊन आले आणि आधी वॉर्डात गेले. मीही मागोमाग.

मुलगी कॉटवर भिंतीकडं तोंड करून झोपलेली. सासरचं कुणी नव्हतं. गित्तेनं केसपेपरवर सगळं लिहिलेलं, तो पेपर जावयाच्या हातात पडला, आणि ते लोक दुसऱ्याच दिवशी निघून गेले होते. जाताना तिचे कपडे पाठवून देतो म्हणाले. तिच्या वडिलांनी पेढ्यांच्या पुड्याकडं बघितलं.

"जगली ना पोरगी?" अप्पांनी विचारलं.

"जगली," तो माणूस म्हणाला. "आता हिचं काय करू ते बी सांगा."

 त्या गुरुवारी अप्पांनी नाटक केलं नाही, लवकरची एस.टी. धरून गेले. पुढच्या वेळी आले तेव्हा सरांना म्हणाले, "खरं काढा, पर कागद सासरच्या हातात दिऊ नका." सरांनी ते शिकवायच्या गोष्टींच्या यादीत लिहून घेतलं. अजूनही आम्ही शिकवतो. त्यानं त्या मुलीचं काय भलं झालं, मला माहीत नाही.

दरम्यान पूजा मोठी झाली. बी.एस्सी. झाली, गावात शिकवण्या घ्यायला लागली. दर तीन महिन्यांनी अप्पांबरोबर माझ्या ओपीडीत यायची. गोड पोरगी, पण तोंडाची फटकळ. रिपोर्ट चांगला आला की टेबलावर आपटून म्हणायची, "म्याडम, आता चहा पाजा." इन्शुलिन टोचताना तोंडानं बडबड चालूच. तिच्याकडं बघून कुणाला आजार वाटला नसता, आणि हीच तर गोम होती.

स्थळं यायला लागली. अप्पांनी भावाला बजावलं होतं, बघायच्या कार्यक्रमाआधी मी पाव्हण्यांना खरं सांगणार. सांगितलंही. पहिले पाहुणे फोनच उचलेनात. दुसऱ्यांनी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं. तिसरे तर घरी येऊन बसले होते, पोहे समोर होते. अप्पांनी सांगितलं तसे बशीला हात न लावता उठले. मग भावानं बोलणं टाकलं. "तुमची गेली म्हणून माझी बसवून ठेवायची का?" एवढंच म्हणाला म्हणे. भावजय त्यांच्या हातचं पाणी घेईना.

हे सगळं अप्पा मला बाकावर बसून सांगायचे, गुरुवारी, आत जायच्या आधी. आणि एक दिवस म्हणाले, "चौथं स्थळ आलंय. केजकडचं. पोरगा चांगलाय. पूजा काल माझ्याकडं आलती. म्हणली, मोठे अप्पा, या येळी तुमी गप ऱ्हावा."

"आणि तुम्ही?"

"गप हाय."

मी संतापले. का संतापू नये? इतकी वर्षं बाहुलीच्या उशाशी उभं राहून या माणसानं आम्हाला काय शिकवलं होतं? मी पूजाला बोलावून घेतलं, दार लावलं आणि चांगली फैलावर घेतली. म्हटलं, निदान त्या मुलाला तरी सांग. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "म्याडम, तुमचं लग्न झालंय ना?"

"झालंय."

"मग तुम्हाला सोपंय बोलायला. मी सांगते त्याला, लग्न झाल्यावर. आठ दिवसांत सांगते."

 राजश्रीनंही असेच काही दिवस ठरवले असतील. ते माझ्या ओठांवर आलं होतं, पण पोरीच्या चेहऱ्याकडं बघून मी गिळलं. तिला दोन बाटल्या जास्तीच्या लिहून दिल्या. दुसरं काय करता आलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतरचा गुरुवार. अप्पा बाकावर बसले होते, मी ओपीडी संपवून तिकडं चालले होते. तेवढ्यात एक जाडजूड गृहस्थ बाकापाशी येऊन थांबले. "रामराम अप्पा! इथं कुठं?"

अप्पा उठून उभे राहिले. "आवो, मामा! या, या."

मुलाचे मामा. स्थळाची चौकशी करायला निघालेले. सोयरीक करायची म्हणजे आमच्याकडं सात गावं धुंडाळतात, शेजाऱ्यापासून शाळेतल्या मास्तरापर्यंत सगळ्यांना विचारतात. घाटनांदूरच्या स्टँडवर कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मुलीचे मोठे चुलते दर गुरुवारी बीडच्या दवाखान्यात जातात. कधीकधी पुतणीलाही नेतात. मामांनी आडपडदा ठेवला नाही. "म्हणलं, सोताच जाऊन बघावं. घरात काय दुखणं-बिखणं तर न्हाई? रागावू नका. पोराचा जन्माचा सवाल हाय."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. आणि अप्पा हसले.

"दुखणं? आवो, ह्यो दवाखाना माझा गिऱ्हाईक हाय. चादरी, पडदे, डॉक्टर लोकांचे ॲप्रन, सगळं कापड आपलं. गुरुवारी दुकान बंद, म्हणून माप घ्यायला येतो. पूजा हिशोबाला हुशार, म्हणून तिला आणतो कधी. तिला ठिवून घ्या म्हणतात हे लोक हापिसात. म्या म्हणलं, न्हाई, आता सासरीच पाठवायची." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "या मोठ्या डॉक्टर हायत इथल्या. यांनाच इचारा की."

मामा माझ्याकडं वळले. "व्हय म्याडम?"

आम्हाला त्यांनीच शिकवलेलं होतं, बोलणारा ज्याच्याकडं बोट दाखवतो तिकडं बघू नका. मी अप्पांकडं बघितलं. आत रेसिडेंटला खरं सापडत नसेल आणि दोनच मिनिटं उरली असतील, तेव्हा ते त्याच्याकडं जसं बघायचे तसं माझ्याकडं बघत होते. 'पकड मला' म्हणत होते की 'गप राहा' म्हणत होते, मला कळलं नाही. खरंच कळलं नाही.

"हो," मी म्हणाले. "चांगलं घर आहे."

डॉक्टरनं पेशंटची माहिती बाहेर सांगायची नसते, हे कारण मला नंतर सुचलं. तेव्हा माझ्या मनात फक्त पूजाचं तोंड होतं, आणि न खाल्लेले पोहे.

मामा खूश झाले. म्हणाले, चला अप्पा, मी गाडी घेऊन आलोय, अंबाजोगाईपर्यंत सोडतो. ते मोटरसायकल काढायला गेटकडं गेले. आम्ही दोघंच उरलो. आतून जोगदंड सरांनी हाक मारली, अप्पा, चला, पोरं थांबलीत. अप्पांनी ती ऐकली न ऐकल्यासारखी केली.

"पकडलंस ना मला?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"पकडलं."

"मग बोलली कावून न्हाईस?"

 त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. "आता गुरुवारी येणं जमायचं न्हाई, माय," म्हणाले. "लोक बघतात." धपाट्याचं फडकं उचललं आणि गेटकडं चालायला लागले.

मी तिथूनच बघत राहिले. अप्पा मोटरसायकलवर मामांच्या मागं बसले, एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि पुढं वाकून कानाशी काहीतरी बोलले. मामा खदखदून हसले. गाडी रस्त्याला लागली तरी दोघांचं बोलणं चालूच होतं. सोयरीक पक्की झाली होती.